तीन दिवस एकच आकडा

सिडनीतल्या पेंडल हिलमधल्या त्या घरात ऑगस्टच्या शेवटच्या पंधरवड्यात कपडे धुवायला बंदी होती. बंदी घातली होती दीनानाथांनी, म्हणजे लीनाच्या वडिलांनी. वॉशिंग मशीनच्या शेजारी त्यांच्या जावयाचं, धवलचं, बिअरचं पिंप ठेवलेलं होतं. मशीन स्पिनला आलं की पिंप हादरतं, पिंप हादरलं की तळाचा गाळ वर येतो आणि गाळ वर आला की नमुना बिघडतो, असं त्यांनी एका कागदावर लिहून तो कागद मशीनच्या झाकणावर चिकटवला होता. खाली सही आणि तारीख.

"डॅड, माय स्पोर्ट्स युनिफॉर्म स्टिंक्स," तेरा वर्षांची स्वरदा म्हणाली.

"आजोबांना सांग."

"आय डिड. ही सेड सॅटर्डे."

लीनाने कपड्यांची बास्केट उचलली, गाडीत टाकली आणि मैत्रिणीकडे निघून गेली. दार मात्र जरुरीपेक्षा जोरात लागलं.

पिंप आणलं धवलनेच होतं. त्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाला पॅरामॅटाच्या ऑफिसातल्या लोकांनी घरी बिअर बनवायचा संच दिला होता. झाकणवालं प्लॅस्टिकचं पिंप, तळाशी नळ, झाकणावर पाण्याची वाकडी नळी, आणि सगळ्या सूचनांचा एक कागद. तो त्याच्या क्रिकेट क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोशात लिहून बसला होता की ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारच्या बार्बेक्यूला यंदा बिअर आपली. तीस मोठ्या बाटल्या. बाटलीत भरल्यावर गॅस धरायला तीनेक आठवडे लागतात. म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी बिअर बाटलीत जायलाच हवी होती.

दीनानाथांनी सुरुवातीला नाक मुरडलं होतं. ते स्वतः थेंबभरही घेत नसत. "घरात दारू गाळायची? मुलीसमोर?" एवढं म्हणून ते आपल्या खोलीत गेले. पण चौथ्या दिवशी त्यांना ओट्यावर हायड्रोमीटर दिसला. लांब काचेची नळी, खाली वजन, वर आकड्यांची पट्टी. पुण्यातल्या एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये त्यांची चौतीस वर्षं गेली होती. त्यांनी तो उचलला, उजेडात धरला, रुमालाने पुसला आणि विचारलं, "धवलराव, हा धुतो कोण?"

"मीच. नळाखाली."

"नळाखाली!"

त्या दिवसापासून पिंप त्यांचं झालं.

पत्नी गेल्यावर ते लीनाकडे राहायला आले, त्याला दीड वर्ष झालं होतं. इथे त्यांना करायला काही नव्हतं. सकाळी स्टेशनजवळच्या दुकानातून कोथिंबीर आणायची, डब्यांवरच्या तारखा तपासायच्या, स्वरदाची गणितं बघायची. आता एकाएकी त्यांच्याकडे खातं आलं होतं. त्यांनी सूचनांचा कागद तीनदा वाचला आणि धवलला समजावून सांगितला, जणू तो संच धवलने नव्हे, त्यांनी आणला होता.

"साखर जास्त असली की हा वर तरंगतो, आकडा मोठा दिसतो. यीस्ट साखर खातं तसा हा बुडत जातो. सुरुवातीला हजार चाळीस होता. कागद म्हणतो, हजार दहाच्या आसपास थांबेल. पण थांबला हे कधी म्हणायचं? तीन दिवस ओळीने एकच आकडा आला की. त्याआधी भरलंत, तर यीस्ट बाटलीत साखर खात बसणार. गॅस जाणार कुठे? बाटली फुटणार."

"माहीत आहे, बाबा."

"माहीत असणं वेगळं."

त्यांच्या गुडघ्यांना वाकणं जमत नसे आणि पिंपाचा नळ जमिनीपासून वीतभर वर होता. म्हणून रोज संध्याकाळी सहा वाजता धवलने खाली बसून काचेच्या उभ्या नळकांड्यात नमुना काढायचा, स्वयंपाकघरात आणायचा, दीनानाथांनी चष्मा बदलून आकडा वाचायचा आणि कॅलेंडरवर लिहायचा. मग नमुना ओतून काच धुणं पुन्हा धवलकडे. नमुना पिंपात परत टाकायचा नाही. त्याचाही एक कागद होता.

धवलला दुपारी तीन वाजता ऑफिसात फोन येई.

"धवलराव, नळीतले बुडबुडे मिनिटाला तीनवर आलेत."

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे."

"म्हणूनच थोडक्यात सांगतोय."

मग बुडबुडे मिनिटाला एक झाले आणि एके दिवशी थांबलेच. धवलला वाटलं, सुटलो. पण संध्याकाळी आकडा आला हजार बावीस. दुसऱ्या दिवशी एकवीस. मग वीस.

"बुडबुडे थांबलेत, बाबा. म्हणजे झालं."

"बुडबुडे हा पुरावा नव्हे. झाकण कुठून तरी गॅस सोडत असेल. आकडा उतरतोय ना?"

"एकेक अंशाने उतरतोय! केसाएवढा फरक आहे."

"उतरतोय," दीनानाथ म्हणाले आणि त्यांनी कॅलेंडरवर वीस लिहिलं.

धवलचं डोकं फिरायची वेळ आली. ऑफिसात दिवसभर टेस्टिंगवाले त्याच्या मागे लागत, हे चालत नाही, ते पुन्हा करा, आणि घरी आल्यावर हे. आपल्याच घरात, आपल्याच पिंपापुढे, रोज सहा वाजता आपण गुडघ्यांवर बसायचं आणि वर 'नाही' ऐकायचं. त्याने क्लबातल्या कुशलला फोन केला. कुशल गेली चार वर्षं गॅरेजमध्ये बिअर बनवत होता.

"अरे मेट, मी तर वास घेतो आणि भरतो," कुशल म्हणाला. "हायड्रोमीटर कुठे पडलाय तेही माहीत नाही मला. नो वरीज."

त्या गुरुवारी आकडा आला हजार अठरा. रविवार तीन दिवसांवर होता. दीनानाथ आकडा लिहून बातम्या बघायला गेले. धवल नमुना ओतायला सिंककडे वळला, तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. बोलता बोलता त्याने नळकांडं ओट्यावरच ठेवलं. फोन संपल्यावर तो त्याच्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने नमुना एका बाटलीत ओतला, झाकण घट्ट लावलं आणि फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे सरकवला.

शुक्रवारी सहा वाजता तो लॉन्ड्रीत गेला. पिंपातून खरा नमुना काढला, हायड्रोमीटर सोडून स्वतःच वाचला. सतरा. फक्त एक. एवढ्या एका अंशासाठी क्लबातल्या बावीस लोकांसमोर आपलं हसं होणार, या विचाराने त्याला असा काही वैताग आला की त्याने तो नमुना तिथल्या तिथे सिंकमध्ये ओतला. कालचा नमुना त्याने आधीच बाहेर काढून, फ्रिजचा गारवा जावा म्हणून, कोमट पाण्यात ठेवला होता. तो नळकांड्यात भरून धवल स्वयंपाकघरात आला.

दीनानाथांनी चष्मा बदलला. वाकून बघितलं. "अठरा," ते म्हणाले. "वा."

शनिवारी धवलने खरा नमुना काढलाच नाही. तोच जुना पुन्हा आणला.

"अठरा. तीन दिवस ओळीने अठरा." दीनानाथ खुर्चीत बसले. "पण कागदावर दहा लिहिलंय. हे अठरावर कसं थांबलं?"

"थंडीमुळे, बाबा. फोरमवर लिहिलंय. थंडीत कधीकधी वरच थांबतं."

"फोरमवर कोण लिहितं?"

"ज्यांनी बनवलीय ते लोक."

दीनानाथांनी कॅलेंडरवरचे आधीचे आकडे पुन्हा वाचले. धवलला वाटलं, आता हे म्हणणार अजून एक दिवस थांबू, आणि आपण ओरडणार. पण त्यांनी पेन उघडलं. "आकडा तीनदा तोच आलाय. मग माझ्या शंकेला काही अर्थ नाही. भरा." कॅलेंडरवर त्यांनी लिहिलं, 'पास', आणि खाली सही केली.

रविवारी सगळ्यांनी मिळून बाटल्या भरल्या. स्वरदाने प्रत्येक बाटलीत चमचाभर साखर टाकली, धवलने नळ धरला, आणि बूच दाबायच्या यंत्राचा दांडा दीनानाथांनी कुणालाही हात लावू दिला नाही. तीस बुचं त्यांनी एकट्याने दाबली. शर्टाच्या बाह्या वर सरकवलेल्या, कपाळावर घाम. लीनाने धवलला हळूच म्हटलं, "आई गेल्यापासून त्यांना असं बघितलं नव्हतं रे." धवलने मान हलवली आणि पुढची बाटली नळाखाली धरली.

पुढचे दोन आठवडे थंड गेले. मग सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी सिडनीत अचानक चौतीस डिग्री तापलं. बाटल्या ठेवल्या होत्या त्या गॅरेजचं पत्र्याचं दार दुपारभर उन्हात होतं. दुपारी तीनच्या सुमाराला दीनानाथ बाटल्या बघायला गेले, कारण एवढ्या उष्म्यात त्या आत घ्याव्यात असं त्यांना वाटलं. घरात आवाज आला तो कुणीतरी गाडीचं दार आपटल्यासारखा. लगेच दुसरा आला. मग काचा पडल्याचा.

धवल धावला. दीनानाथ भिंतीला टेकून उभे होते. डोळे शाबूत होते, चष्माही. पण डाव्या हाताच्या मनगटावरून कोपरापर्यंत रक्ताची धार लागली होती, आणि जमिनीवर फेस पसरत त्यांच्या चपलांपर्यंत आला होता.

"मागे राहा," ते धवललाच म्हणाले. "अजून फुटतील."

इमर्जन्सीमध्ये अडीच तास बसावं लागलं. सात टाके पडले. टाके घालणारी डॉक्टर तरुण होती. तिने सहज विचारलं, हे कसं झालं. लीना सांगायला गेली, पण दीनानाथांनी उजवा हात वर करून तिला थांबवलं आणि आपल्या जुन्या, नेमक्या इंग्रजीत सांगितलं. बिअरची एक बॅच तयार झालेली नसताना ती त्यांनी पास केली होती. चूक सर्वस्वी त्यांची. त्यात घरातल्या कुणाचाही दोष नाही. तशी नोंद करावी.

डॉक्टर हसली आणि म्हणाली, असं होतं कधीकधी. दीनानाथ हसले नाहीत. धवल पडद्याशी उभा होता. बोलायची वेळ हीच, हे त्याला कळत होतं. गाडी दाराशी आणतो म्हणून तो बाहेर गेला.

घरी आल्यावर दीनानाथांनी हायड्रोमीटर त्याच्या खोक्यात ठेवून खोकं धवलच्या टेबलावर आणून ठेवलं. वॉशिंग मशीनवरचा कागद काढला. दुसऱ्या दिवशी स्वरदा गणिताची वही घेऊन आली, तर म्हणाले, "बाळ, दुसऱ्या कुणाला तरी दाखव. आजोबांचं आता खरं नाही."

"व्हॉट डझ दॅट मीन?" स्वरदाने आईला विचारलं. लीनाने वही आपल्याकडे घेतली.

सोमवारी संध्याकाळी लीनाने धवलला बेडरूममध्ये बोलावलं. ती युनिव्हर्सिटीत शिकवायची, कितीही गडबड असली तरी आवाज चढत नसे तिचा. पण आता तो चढला होता.

"बाबा मला म्हणाले, मेमरी टेस्ट करायची आहे. म्हणतात, आकडा मी तीनदा चुकीचा वाचला असणार. एकदा माणूस चुकेल, तीनदा कसा चुकेल? डोळे नाहीतर डोकं, दोन्हीपैकी काहीतरी गेलंय. मी बुधवारची अपॉइंटमेंट घेतलीय. आणि मेलबर्नला दादाला फोन करून ठेवलाय त्यांनी. त्याच्याकडे क्रेगीबर्नला जाऊन राहीन म्हणतात. इथे स्वरदाला माझ्यावर सोडू नका म्हणाले. धवल, चार दिवसांपूर्वी ते ठणठणीत होते रे!"

धवल पलंगाच्या काठावर बसला. त्याला स्वतःचा असा राग आला की कानशिलं तापली. आणि त्यातही कुठेतरी, लाज वाटावी अशा जागी, त्याला म्हाताऱ्याचाही राग येत होता. एवढं सगळं अंगाला लावून घ्यायची काय गरज? एक बिअर ती!

पण मंगळवारी तो ऑफिसातून लवकर निघाला. दीनानाथ मागच्या अंगणात खुर्चीत बसले होते, बँडेजचा हात मांडीवर. धवलने दुसरी खुर्ची ओढली, पण तो बसला नाही.

"बाबा, तुम्ही आकडा चुकीचा नव्हता वाचला."

"जाऊ द्या हो, धवलराव. समजूत नका घालू."

"समजूत नाही घालत. मी नमुना बदलला होता."

दीनानाथांनी मान वर केली.

"शुक्रवारी आणि शनिवारी मी पिंपातून आणलाच नाही. गुरुवारचाच फ्रिजमध्ये ठेवला होता. तोच दोनदा आणून दिला. शुक्रवारी खरा आकडा सतरा होता. मी बघितला होता. थंडीचं मी खोटंच सांगितलं."

शेजारच्या घरी कुणीतरी गवत कापत होतं. ते मशीन बंद झालं तेव्हा दीनानाथ बोलले.

"गुरुवारचा नमुना खरा होता?"

"हो."

"त्यात अठरा होतं."

"हो. तुम्ही तिन्ही वेळा बरोबर वाचलंत."

दीनानाथांनी डोळे मिटले. त्यांचे खांदे खाली आले, इतके की धवलला वाटलं ते खुर्चीतून घसरतील. मग डोळे उघडले, आणि धवलने लग्नाच्या पंधरा वर्षांत पाहिला नव्हता असा माणूस त्याच्यासमोर बसलेला होता.

"अरे गाढवा," ते म्हणाले. "तीन दिवस मी माझं नाव, माझी जन्मतारीख, माझ्या शाळेतल्या मास्तरांची नावं मनात म्हणून बघतोय. रोज सकाळी. काय काय आठवतंय ते तपासायला. आणि तुला माहीत होतं?"

"हो, बाबा."

"दवाखान्यात मी त्या मुलीला सांगत होतो तेव्हा तू तिथे उभा होतास?"

"हो."

"मला काय करायची होती ती बिअर! मला कुठे प्यायची होती? भरू दे म्हणाला असतास एकदा मोकळेपणी, तर मी म्हटलं असतं भर, तुझं तू बघ, मी सही करणार नाही. मी काय बंदूक लावून बसलो होतो? नमुना बदलतोस! चौतीस वर्षांत एका पोराने केलं होतं हे माझ्याकडे. दुपारी जेवायच्या आत घरी पाठवला होता त्याला."

लीना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने किती ऐकलं ते धवलला कळलं नाही. ती आली, बाबांच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे तू घेऊन जाणार आहेस त्यांना. कारणही तूच सांगायचं."

"आता टेस्टची गरज काय?"

"गरज आहे," दीनानाथ म्हणाले. "मला लेखी हवंय."

बुधवारी डॉक्टर श्यामलाच्या खोलीत धवलने सगळं सांगितलं. ती मूळची दादरची असल्याने तिला ते मराठीतच सांगावं लागलं, आणि मराठीत ते जास्तच वाईट वाटलं. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि दीनानाथांना प्रश्न विचारायला घेतले. आजची तारीख, शंभरातून सात वजा करत जा, घड्याळ काढा, हे पाच शब्द लक्षात ठेवा. तीसपैकी एकोणतीस गुण मिळाले.

"एक कुठे गेला?"

"तुम्ही म्हणालात, आपण वेंटवर्थविलमध्ये आहोत. हे पेंडल हिल आहे, काका."

"रस्त्याच्या या बाजूची टपालपेटी बघा. त्यावर काय लिहिलंय?"

"काका, एकोणतीस म्हणजे उत्तम असतात."

"उत्तम आणि बरोबर यात फरक असतो, डॉक्टर," दीनानाथ म्हणाले. डॉक्टर श्यामलाने धवलकडे बघितलं. या वेळी तिच्या नजरेत थोडी सहानुभूती होती.

त्या दुपारी त्यांनी उरलेल्या बाटल्यांचा निकाल लावला. चार दिवस गॅरेजमध्ये कुणी पाऊल टाकलं नव्हतं. मधल्या दोन रात्री थंड गेल्या होत्या, तरी अठ्ठावीस बाटल्या तशाच टपून बसलेल्या. धवलने क्रिकेटचं हेल्मेट घातलं, छातीला गार्ड बांधला, विकेटकीपरचे ग्लोव्हज चढवले. दीनानाथ अंगणाच्या पार टोकाला, लिंबाच्या झाडामागे खुर्ची टाकून बसले आणि तिथून हुकूम सोडू लागले. आधी बर्फाच्या पाण्यात ठेव. टॉवेल दोन पदरी घे. तोंड आपल्याकडे नको. बूच एकदम उघडू नकोस, सुस्कारा सोडू दे. तो सुस्कारा सोडू देत होता, आणि प्रत्येक बाटली त्याच्या ग्लोव्हजवर, बाहीवर, हेल्मेटच्या जाळीतून तोंडावर फेस उडवत होती. अंगण यीस्टच्या वासाने भरून गेलं.

पंधराव्या बाटलीला कुशलचा फोन आला. धवलने ओल्या हाताने स्पीकर लावला.

"मेट, बार्बेक्यूची बिअर कशी झालीय?"

धवलने लिंबाच्या झाडाकडे बघितलं. दीनानाथ ऐकत होते.

"बिअर नाही, कुशल. ओतून टाकतोय. ती तयार नव्हती. सासऱ्यांनी बरोबर सांगितलं होतं. मी लबाडी करून भरली, आणि बाटल्या फुटून त्यांच्या हाताला सात टाके पडले."

कुशल मोठ्याने हसला. "तूने ससुरजी को ही उडा दिया, यार! ते ठीक आहेत ना? मग नो वरीज, आपण विकतची आणू."

फोन बंद झाला.

"हसला तो?" दीनानाथांनी विचारलं.

"हो."

"मी इतक्यात हसणार नाही."

"नका हसू."

"क्रेगीबर्नला मी जाणार आहेच. तिकीट काढलंय. महिनाभर तिकडेच राहीन. तोवर मला तुझा फोन नको, लीनाचा चालेल."

"बरं."

"आणि ती हातातली तिरकी धरली आहेस. सरळ धर."

धवलने बाटली सरळ धरली, टॉवेल पुन्हा गुंडाळला आणि बुचाला ओपनर लावला. अजून तेरा उरल्या होत्या.